दहा वेळा शून्य

माझं नाव माझ्या डोळ्यांदेखत उलटं कोरलं जात होतं, आणि ते कोरणारा माणूस स्वतःच्या हाताकडे बघत नव्हता. दिंडोशीच्या कोर्टाबाहेर नोटरींच्या टेबलांची रांग जिथं संपते तिथं निळ्या ताडपत्रीखाली त्याचं बाकडं होतं. बाकड्यावर रबराची लहानशी लादी, लादीच्या पलीकडच्या कडेला शाईच्या डब्याला टेकवून उभा केलेला आरशाचा तुकडा. तो त्या आरशात बघत होता आणि ब्लेड इकडे चालत होतं. आरशात 'म' सुलटा उभा राहिला, मग 'धु', मग 'वं'ची वेलांटीसारखी वळणारी पाठ. विभागाचा जुना शिक्का झिजून माझं आडनाव उमटेनासं झालं होतं. आमच्या प्रयोगशाळेचे सहायक गुणाजी म्हणाले होते, "मशीनचो शिक्को सा म्हयन्यांत पुसता, बाई. हातान कोरलेलो घेवा," आणि त्यांनीच हा पत्ता दिला होता. मी मजकुराची चिठ्ठी देऊन प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. अक्षर आरशात सरळ दिसेल असं कोरलं की ते कागदावरही सरळ उमटतं, हा परावर्तनाचा साधा नियम आहे, त्यात नवल काही नव्हतं. तरीही मी स्टूल जरा पुढे ओढलं. कारण लादी, तिच्यामागे उभा आरसा, आरशावर खिळलेली नजर आणि नजरेबाहेर चालणारा हात ही मांडणी मी एकोणीस वर्षं मुलांना शिकवत आले आहे. आमच्याकडे ती लाकडी पेटीत असते आणि तिला यादीत क्रमांक असतो.

"मानसशास्त्र," त्यानं आरशातच वाचलं. मग चिठ्ठी उचलून पुन्हा पाहिली. "मॅडम, हे कॉलेज मालाडचंच ना? आमची सपना तिथंच आहे की. तिसऱ्या वर्षाला. सपना इंगोले."

"माझ्याच वर्गात आहे," मी म्हटलं.

"म्हणजे तुम्हीच त्या मॅडम!" त्यानं ब्लेड खाली ठेवलं आणि हात पँटला पुसले. "मी शिवदास. ते चांदणीचं तुमचंच ना? आरशात बघून पेन्सिल फिरवायची? सपनानं माझ्यावर केलं ते. घरी पेटी घेऊन आली, घड्याळ घेऊन बसली, दहादा फिरवायला लावली. मी म्हटलं, बाई, एवढंच? तर म्हणते, बाबा, तुम्ही वर्गात पहिले येणार बघा." तो पुढे वाकला. "आलो का?"

शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट मान वर न करता म्हणाला, "शिवदास, सर्टिफिकेट मागून घे मॅडमकडं. शिक्का तूच मार त्याच्यावर."

"तू गप रे नंदू." पण तो माझ्याकडेच बघत होता.

"आलात," मी म्हटलं. "पहिले आलात."

रिक्षात बसल्यावर शिक्का मी पर्समध्ये न ठेवता हातातच धरला होता. मूठ उघडली तेव्हा तळव्यावर निळ्या शाईचा पुसट डाग होता. मला सपनाचं जर्नल, म्हणजे प्रयोगवही, तपासतानाची संध्याकाळ आठवत होती. त्यात काही विशेष नव्हतं हीच तिची अडचण होती. बेचाळीस जर्नलं होती, प्रत्येकात आठ प्रयोग. आरशातल्या चांदणीच्या प्रयोगात दोन रेघांमधली चांदणीच्या आकाराची वाट असते. प्रयुक्तानं, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा त्यानं, फक्त आरशात बघत त्या वाटेवरून पेन्सिल न्यायची. हात पडद्याआड असतो. रेघ ओलांडली की एक चूक. पहिल्या खेपेला माणूस वर जाऊ म्हणतो आणि खाली जातो, कोपऱ्यावर अडकतो, चिडतो, दोन-दोन मिनिटं घेतो. दहाव्या खेपेपर्यंत हात शिकतो. वेळ उतरत जातो, चुका उतरत जातात, आणि आलेखावर डावीकडून उजवीकडे उतरणारी सुरेख वक्र रेषा मिळते. सपनाच्या जर्नलात वक्र नव्हता. तेवीस, चोवीस, चोवीस, तेवीस सेकंद. चुकांच्या रकान्यात एकाखाली एक दहा वेळा शून्य. आलेखात पट्टीनं मारल्यासारखी आडवी रेघ. मला आठवतं, मला रागही आला नाही. रोज खोटे आकडे पाहणाऱ्या माणसाला असतो तसा एक कंटाळलेला आत्मविश्वास माझ्यात होता. किमान खोटं तरी नीट लिहावं, असं मनात येऊन मी लाल पेननं लिहिलं, 'आकडे काल्पनिक वाटतात. प्रयोग पुन्हा करा.' दुसऱ्या दिवशी तिनं जर्नल घेतलं, उभ्या उभ्याच शेरा वाचला आणि म्हणाली, "हो मॅडम." आठ दिवसांनी नवी पानं आणली. त्यात वक्र होता. मी सही केली, आणि सही करताना तिला म्हटलं, "बघ, आता कसं आलं." हे वाक्य रिक्षात मला पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. दरवेळी त्यातला 'बघ' थोडा मोठा होत होता.

आणि मी काही तिला ओळखत नव्हते असं नाही. संशोधन पद्धतीच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर काही लिहीत नाही. मुलांना खाली कॅन्टीनबाहेरच्या पाण्याच्या कूलरपाशी नेते आणि सांगते, दहा मिनिटं बघा, जे दिसलं ते लिहा, जे दिसायला हवं होतं ते लिहू नका. मुलं लिहितात, 'एक मुलगी रागात होती.' मी विचारते, राग कसा दिसला ते लिही. कुणी लिहितं, 'लोक घाईत होते.' मी विचारते, घाई किती सेकंदांची? मुलं वैतागतात, हसतात, आणि तासाच्या शेवटी निदान पाचसहा जणांच्या लक्षात येतं की आपण आत्तापर्यंत बघतच नव्हतो. मला हा तास फार आवडतो. सपनाच्या वर्गाबरोबर तो तास झाला तेव्हा तिनं लिहिलं होतं, 'अकरा जणांनी ग्लास भरला. नऊ जणांनी भरताना ग्लासाकडे पाहिलं नाही. पाण्याचा आवाज बदलला की हात आपोआप मागे येतो.' मी ते वर्गात वाचून दाखवलं होतं. त्या रात्री घरी बोरिवलीला स्वयंपाकघरात उभी राहून मी स्वतः ग्लास भरून पाहिला होता, न बघता, नुसतं ऐकत, आणि मला अगदी लहान मुलासारखा आनंद झाला होता. ज्या मुलीनं मला ते दिलं तिनं खोटी आडवी रेघ का मारावी, हा प्रश्न लाल पेन हातात असताना मला पडला नाही. न बघता हात बरोबर चालतो हे तिनं मला आधीच लिहून दिलं होतं.

प्रयोगशाळेत पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. कपाटातून तिचं जर्नल काढलं. नवी पानं उघडली आणि पहिल्यांदाच आकडे आकडे म्हणून वाचले. एकशे त्रेचाळीस, एकशे एकोणीस, अठ्ठ्याण्णव, चौऱ्याऐंशी. पुढचे मी पान झाकून सांगू शकले असते. पंचाहत्तर. सदुसष्ट. बासष्ट. प्रत्येक आकड्यातून एक वजा केला की ते माझे होते. एकशे बेचाळीस, एकशे अठरा, सत्त्याण्णव. त्याच कपाटाच्या वरच्या कप्प्यात खाकी कव्हर घातलेलं एक जुनं जर्नल आहे, त्याला सगळे नमुना जर्नल म्हणतात. इथं नोकरीला लागले तेव्हा मीच ते घरून आणून ठेवलं. ज्यांना मांडणी जमत नाही त्यांना गुणाजी ते दाखवतात. ते माझं तिसऱ्या वर्षाचं जर्नल आहे, मुलुंडच्या कॉलेजातलं. चांदणीच्या प्रयोगाखाली माझ्या प्राध्यापक नीलाबाईंच्या तिरक्या अक्षरात 'उत्तम' आहे.

त्या प्रयोगाचा प्रयुक्त माझा धाकटा भाऊ मिहिर होता. तेव्हा तो सोळा वर्षांचा, आणि टीव्हीवर मॅच सुरू होती. पहिल्या खेपेला त्याला एकशे बेचाळीस सेकंद लागले. सत्तावीस चुका झाल्या. त्यानं पेन्सिल टेबलावर आपटली, "ताई, डोकं फिरलं माझं, तूच भर आता," म्हणाला आणि उठून गेला. मी थोडा वेळ त्याची वाट पाहिली. मग जेवणाच्या टेबलावर बसून उरलेले नऊ आकडे लिहिले. मला ते कठीण गेलं नाही. पुस्तकात वक्र होता, तो मी माझ्या आकड्यांत उतरवला, अगदी गुळगुळीत दिसू नये म्हणून शेवटी दोन ठिकाणी चुका सारख्याच ठेवल्या. ती हुशारी मला आजही आठवते. नीलाबाईंनी तो आलेख वर्गात दाखवला. तासानंतर मला थांबवून म्हणाल्या, "तुला हे जमतंय गं. पुढं शिक." तोवर मला कुणी काही जमतंय असं म्हटलं नव्हतं. मी पुढं शिकले. नीलाबाई गेल्या त्याला सहा वर्षं झाली. शेवटी शेवटी त्यांना भेटायला गेले तेव्हाही आम्ही शिकवण्याबद्दलच बोललो. मी त्यांची किती ऋणी आहे ते सांगायचं ठरवून गेले होते, आणि दरवेळी त्या एका आकड्यापाशी, खरं म्हणजे नऊ आकड्यांपाशी, माझी जीभ थांबत होती. मला मिळालेली चांगली गोष्ट खरी होती. ती ज्याच्यावर उभी होती ते खरं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच पानावर आहेत, आणि मी ते पान मुलांना नमुना म्हणून देत होते. एकोणीस वर्षांत किती मुलांनी त्यात एक मिळवला असेल, किती जणांनी दोन, आणि मी प्रत्येक वेळी ओळखीच्या वक्राला खरं म्हणून सही केली असेल. खोटं ओळखायची नजर आपल्याला आहे असं मला वाटायचं. मला फक्त माझं खोटं ओळखता येत होतं, आणि तेही मी बरोबर धरत होते.

सपनाला दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासानंतर प्रयोगशाळेत बोलावलं. ती दारातच उभी राहिली.

"बस गं. काल तुझ्या बाबांना भेटले."

ती सावध झाली. "कुठे?"

"त्यांच्या बाकड्यावर. शिक्का करून घेतला. विचारत होते, पहिला नंबर आला का."

"मग?"

"आला म्हटलं."

ती बसली. "थँक्यू, मॅडम," म्हणाली, आणि ते मनापासून होतं. म्हणून मला पुढचं बोलायला वेळ लागला.

"तू मला सांगितलं का नाहीस, ते काय काम करतात?"

"तुम्ही विचारलं नाहीत." आवाजात उद्धटपणा नव्हता, कूलरपाशी काय दिसलं ते सांगावं तसं तिनं सांगितलं. "आणि फॉर्मवर तसा रकानाच नाहीये ना. प्रयुक्ताचं नाव, वय, लिंग, शिक्षण. बस. व्यवसाय कुठंय? पण अंतर्निरीक्षणात लिहिलं होतं बाबांनी."

अंतर्निरीक्षण हा प्रत्येक प्रयोगाचा शेवटचा भाग. प्रयोग चालू असताना काय वाटलं ते प्रयुक्तानं स्वतःच्या शब्दांत लिहायचं असतं. कुणी लिहीत नाही. मुलं स्वतःच लिहून टाकतात, सुरुवातीला भीती वाटली, नंतर सराव झाला, प्रयोग करताना मजा आली. बेचाळीस जर्नलांत बेचाळीस वेळा मजा आलेली असते, आणि मी तो भाग न वाचता पान उलटते. सपनाची जुनी पानं तिच्याकडेच होती, दप्तराच्या आतल्या खणात, चौघडी घातलेली.

"फेकवत नव्हतं," ती म्हणाली. "बाबांची सही आहे."

निळ्या बॉलपेननं, कोरल्यासारख्या ठसठशीत अक्षरांत शिवदास इंगोल्यांनी लिहिलं होतं: 'मला काही विशेष वाटले नाही. हे माझे रोजचे काम आहे. आरसा चांगला होता, माझा यापेक्षा लहान आहे. मुलगी घड्याळ घेऊन समोर बसली होती, बरे वाटले.' त्याच्यावर चार बोटांच्या अंतरावर माझा लाल शेरा होता. मी ते दोनदा वाचलं. एवढ्या वर्षांत हातात आलेलं पहिलं खरं अंतर्निरीक्षण, आणि ते वाचण्यासाठी मला दिंडोशीला जावं लागलं. शरमेच्या खाली आणखी काहीतरी होतं. एखादी वस्तू हरवली हेच माहीत नसताना ती कुणीतरी आणून द्यावी, तसं.

"नवे आकडे तू कुठून घेतलेस ते मला कळलंय," मी म्हटलं.

तिनं खाली बघितलं. "गुणाजीमामांनी ते जुनं जर्नल दिलं. सगळेच त्यातनं…"

"ते माझं आहे."

"माहितीये. नाव आहे ना वर."

"त्यातला पहिला आकडा खरा आहे. बाकीचे नऊ मी घरी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिले."

पंखा फिरत होता. तो कुरकुरतो हे मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. सपनाच्या ओठांचा कोपरा हलला. "म्हणजे मॅडम, मी कॉपीची कॉपी मारली?"

"कॉपीची नाही. मी कुणाची कॉपी केली नव्हती. नुसतंच मनानं."

"मग तर वाट लागली ना सगळ्यांची." आणि ती हसली. मलाही हसू आलं, आणि हसताना डोळे भरले ते मी पुसले नाहीत. पहिल्यांदाच कुणाला तरी हे सांगितलं होतं. पंचवीसहून अधिक वर्षं मी ते मिहिरलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्याला तर तो प्रयोग आठवतही नाही.

मग मी तिच्यापुढे दोन्ही गठ्ठे ठेवले. शनिवारी प्रात्यक्षिक परीक्षा होती, बाहेरचे परीक्षक येणार होते, आणि जर्नलाला मार्क होते. "जुन्या पानांवर मी आत्ता सही करते," मी म्हटलं. "माझा शेरा चुकीचा होता असं त्याच्याखाली लिहिते. पण त्या दिवशी मी मध्ये बोलू शकत नाही, तसा नियम आहे. परीक्षकांचा विश्वास बसला नाही तर तुलाच उत्तर द्यावं लागेल."

"आणि नाही पटलं तर मार्क जाणार."

"जातील."

"मला एम.ए.ला साठ टक्के लागतात, मॅडम. एकसष्टवर आहे मी. यांच्यावर तुमची सही झालीये." तिनं नव्या पानांवर बोट ठेवलं. "आणि बाबांना काही सांगू नका ना. त्यांना वाटतंय ते पहिले आलेत. नंदूकाकाला, सगळ्यांना सांगितलंय. त्यांचे आकडे खोटे ठरवले हे कळलं तर…" मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी जुनी पानं लावू का?"

माझ्या नोकरीत मला कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी उत्तर शोधलं, आणि सापडलेलं प्रत्येक उत्तर माझ्याच बाजूचं होतं. "नको," मी शेवटी म्हटलं. "म्हणूनच तू ठरव. मी जर्नल उघडून बघणार नाही." मी जुन्या पानांवर निळ्या शाईनं लिहिलं, सही केली, नवा शिक्का मारला. तो स्वच्छ उमटला. तिनं दोन्ही गठ्ठे उचलले आणि गेली.

शुक्रवारी मी काही केलं नाही, म्हणजे सगळं केलं, पण त्यातलं काही आठवत नाही. एवढं आठवतं की संध्याकाळी नमुना जर्नल वरच्या कप्प्यातून काढून घरी नेलं आणि मिहिरला फोन केला. तो दुकानात होता. मी म्हटलं, तू एकदा माझ्यासाठी आरशात बघून चांदणी काढली होतीस. तो म्हणाला, "मी? कधी?" मी म्हटलं, एकदाच. थँक्यू म्हणायचं राहिलं होतं. "ताई, बरी आहेस ना?" त्यानं विचारलं. बरी होते. फार दिवसांनी इतकी बरी होते की झोप लागेना.

शनिवारी परीक्षक म्हणून घाटकोपरचे पाटणकर आले. गंभीर, सावकाश माणूस. पान उलटताना अंगठा जिभेला लावतात. एकेक मूल येत होतं, ते दोन प्रश्न विचारत होते, मार्क लिहीत होते. मी शेजारच्या खुर्चीवर बसून यादीवर खुणा करत होते. सपना आली, जर्नल ठेवलं, उभी राहिली. मी खिडकीबाहेर बघत होते. पानांचा आवाज येत होता. तो थांबला.

"हे काय?" पाटणकर म्हणाले. "लाल शेरा, मग निळा शेरा. 'वरील शेरा माझी चूक आहे, आकडे खरे आहेत.' लिमयेबाई?" मी यादीवर पुढची खूण केली. त्यांनी चष्मा वर केला आणि सपनाकडे वळले. "दहाच्या दहा खेपा तेवीस-चोवीस सेकंद? एकही चूक नाही? असा माणूस असतो का गं?"

"असतो, सर. माझे बाबा आहेत." ती म्हणाली. "ते रबरी शिक्के कोरतात. समोर आरसा ठेवून. रोज."

"मग तुझा प्रयोग फसला म्हणायचा."

"नाही सर. हा प्रयोग हात कसा शिकतो ते मोजतो. बाबा शिकत नव्हते. मी पहिली खेप म्हणून लिहिलं, पण ती त्यांची पहिली नव्हतीच. त्यांची पहिली खेप तीस वर्षांपूर्वी झाली. तेव्हा घड्याळ घेऊन बसायला मी नव्हते." तिनं आलेखावर बोट टेकलं. "म्हणून रेघ आडवी आहे. वक्र आधीच होऊन गेलाय."

पाटणकरांनी त्या आडव्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी अंतर्निरीक्षण वाचलं. सगळं, अगदी सावकाश. त्यांचे ओठ हलत होते. "आरसा चांगला होता," ते स्वतःशीच म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. "पुढे काय करणार?" "एम.ए., सर." "कर." त्यांनी मार्क लिहिले. आधीच्या मुलांपेक्षा ते जास्त होते.

परीक्षा आटोपून मी खाली आले तेव्हा फाटकाशी शिवदास उभा होता. कोर्टाला सुट्टी होती, त्यानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. सपना त्याच्याजवळ उभी राहून भराभर काहीतरी सांगत होती. मी जवळ गेले तेव्हा ती गप्प झाली आणि माझ्याकडे बघून मानेनं हो म्हणाली. त्याला खरं सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं. त्याचे आकडे मी खोटे ठरवले होते, तिला पुन्हा लिहायला लावलं होतं, आणि बुधवारी तुम्ही पहिले आलात असं म्हटलं ते त्याच्या तोंडावर मारलेली थाप होती. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या.

"किती चुका व्हायला पाहिजे होत्या?" त्यानं मग विचारलं.

"पहिल्या खेपेला वीस-पंचवीस तरी होतात."

"एवढ्या?" त्याला खरंच वाईट वाटलं, त्या न पाहिलेल्या माणसांबद्दल. "सगळ्यांच्या?"

"जवळजवळ सगळ्यांच्या."

"तुमच्या किती झालेल्या?"

विद्यार्थिनी असताना मी घड्याळ धरलं होतं. नंतर दरवर्षी मी पेटी उघडून दाखवली, पडदा लावला, चुका मोजायला शिकवलं. प्रयुक्ताच्या स्टुलावर मी कधी बसलेच नव्हते.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी कधी केलाच नाही."

बापलेक एकमेकांकडे बघून हसले. "मॅडम, चला ना वर," सपना म्हणाली. गुणाजी कपाटाला कुलूप लावून चावी खिशात टाकत होते, ते "आता परत?" म्हणत कुरकुरले आणि पेटी काढून दिली. सपनानं चांदणीचा कागद लावला, आरसा उभा केला, माझ्या हातापुढे पडदा सरकवला. शिवदास माझ्या पाठीमागे उभा राहिला. "सुरू," ती म्हणाली. आरशात चांदणीचं टोक माझ्याकडे होतं. मी पेन्सिल वर नेली आणि ती खाली निघाली. "चूक." मी तिला परत आणू लागले आणि ती बाजूला गेली. "चूक." हात माझा होता आणि मला त्याची काहीच ओळख नव्हती. घाम फुटला, हसू आलं, मिहिर पेन्सिल आपटून का उठला ते मला कळलं.

"हाताला काही सांगू नका, मॅडम," शिवदास हळूच म्हणाला. "आरशातच राहा."

"बाबा, प्रयुक्ताशी बोलायचं नसतं."

"बरं बाई."

"चूक," ती म्हणाली. "चूक. चूक." तिचा आवाज अगदी सपाट होता, मी शिकवला होता तसा, त्यात दया नव्हती आणि घाईही नव्हती. दोन मिनिटं होऊन गेली तेव्हा मी अजून दुसऱ्याच टोकाशी अडकले होते. कागदावर माझी रेघ वेड्यासारखी आतबाहेर करत होती, आणि प्रत्येक वेळी समोर बसलेली मुलगी ती बघत होती आणि लिहून घेत होती.